छातीतली मूठभर जागा

बेटावरच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर श्वासाच्या चाचण्या होत, आणि तिथून ह्यॉन मिरानचा आवाज थेट जिन्यापर्यंत ऐकू यायचा. "ओढा, ओढा, ओढा, अजून ओढा! धरा! धरून ठेवा! आता सोडा!" नव्या नर्सना पहिल्या दिवशी वाटायचं, आत कुणाचं बाळंतपण चाललंय. एरवी मिरान अगदी हळू बोलणारी बाई. पण श्वास मोजायचा म्हणजे माणसाला गुरासारखं हाकावंच लागतं, कारण आपण होऊन कुणी छाती पुरती रिकामी करत नाही आणि पुरती भरतही नाही. अकरा वर्षं ती हे काम करत होती. तिने काढलेला आकडा डॉक्टर कधी पुन्हा तपासायला सांगत नसत, याचा तिला अभिमान होता. अभिमान असावा, पण त्याने कान बंद होऊ नयेत. मिरानचे झाले होते.

ज्वा सुनदॉक तिच्याकडे आली ती तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. वय एकोणसत्तर, उन्हाने रापलेला चेहरा, पाण्यातल्या चष्म्याचे कपाळावर कायमचे वळ. कॉमुल गावची पाणबुडी बाई. चौदाव्या वर्षापासून समुद्राच्या तळाचे शंख-शिंपले काढत आलेली. वीस वर्षांपासून दमा होता, फवाऱ्याची डबी पिशवीत असायची, आणि तरी ती रोज पाण्यात जायची. "जमिनीवर खोकते, पाण्यात नाही," असं तिचं म्हणणं. पण आदल्या वर्षी शेजारच्या गावांत दोन म्हाताऱ्या बाया पाण्यात दगावल्या आणि कॉमुलच्या मच्छीमार मंडळाने नियम काढला: पासष्टीच्या पुढच्या आणि छातीचं दुखणं असलेल्या बाईने डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

सुनदॉक एकटी आली नव्हती. तिच्या मागोमाग बू चुनोकनेही खोलीत डोकं घातलं. चुनोक तिची पाण्यातली जोडीण. त्या बेटावर एकटीने कुणी बुडी मारत नाही. एकजण खाली जाते तेव्हा दुसरी वर तिचा तरंगणारा नारिंगी गोळा धरून थांबते, मनात आकडे मोजते, आणि खालची वर येऊन शिट्टीसारखा श्वास सोडते, तो ऐकू आला की मगच स्वतः खाली जाते.

"मी पण आत येते," चुनोक म्हणाली. "हिला एकटीला सोडलं तर ही तुमच्या मशीनला शिव्या देईल."

"सामचुन, तुम्ही बाहेर बसा," मिरान म्हणाली. बाई असो की बुवा, वडीलधाऱ्याला तिकडे 'सामचुन'च म्हणतात. मिरानच्या तोंडी बेटावरच्या बोलीतला तेवढा एकच शब्द उरला होता. "आत एकाच माणसाला परवानगी आहे."

"एक्केचाळीस वर्षं हिच्यापासून पन्नास हातांपलीकडे गेले नाही मी. पाण्यातसुद्धा नाही. आणि आता दाराआड बसू?"

"जा गं बाई," सुनदॉक म्हणाली. "दहा सेकंदांचं काम आहे म्हणतात. तेवढ्यात मी काही मरत नाही."

चुनोक कुरकुरत बाहेर गेली. दाराच्या काचेतून तिचा अर्धा चेहरा दिसत राहिला.

मिरानने नेहमीसारखं समजावलं. दम्यात हवेच्या वाटा अरुंद होतात, पण हवा जिथून रक्तात शिरते तो पातळ पडदा सहसा शाबूत असतो. ही चाचणी त्या पडद्याची. आधी छाती रिकामी करायची, मग चिमूटभर वेगळा वायू मिसळलेली हवा एका दमात आत घ्यायची, दहा सेकंद धरायची आणि सोडायची. वायू किती रक्तात गेला, ते मशीन सांगतं. नुसता दमा असला तर आकडा चांगला येतो, कधी शंभराच्या वरही. आकडा पडला, तर पडदाच खराब होतोय असं समजायचं.

"दहा सेकंद?" सुनदॉक हसली. "पोरी, दहा सेकंदांत तर मी तळसुद्धा गाठलेला नसतो."

नाकाला चिमटा लागला, तोंडात नळी गेली. मिरानने आवाज चढवला. सुनदॉकने झर्रकन हवा ओढली आणि एका जागी थांबली, सवयीच्या बाईने डोळे झाकून भांड्यात पाणी भरावं आणि नेमक्या खुणेला थांबावं तशी. "अजून ओढा, अजून!" मिरान ओरडली. सुनदॉकने हात वर केला: झालं. मग ती दगडासारखी गप्प बसली. मानेची शीर टरारून फुगली. सोडताना मात्र ओठांचा चंबू झाला आणि लांब, बारीक शिट्टी निघाली.

"शिट्टी वाजवू नका, सामचुन. सरळ सोडा."

"मी कुठे वाजवते? ती आपोआप वाजते."

चार वेळा चाचणी झाली. अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. त्याआधी छातीत एकूण किती हवा मावते ते मोजलं होतं, तेव्हाही सुनदॉकने नेमकी तेवढीच हवा भरली होती. त्यामुळे दोन्ही मापं जुळली आणि मशीनने काही तक्रार केली नाही, हिरवी खूण दिली. मिरानच्या धंद्यात एक समज पक्का असतो: चार वेळा तोच आकडा आला, म्हणजे तो खरा. तिने कागदावर लिहिलं, 'रुग्णाचे सहकार्य उत्तम.'

"कुठली गं तू?" चिमटा काढताना सुनदॉकने विचारलं. "तोंडावळा इथलाच वाटतो, आणि बोलतेस मात्र रेडिओतल्या बाईसारखी."

"शहरातली," मिरान म्हणाली.

खोटंच होतं ते. कॉमुलपासून दोन खाड्या पलीकडच्या नोआल गावची ती. तिची आई चाळीस वर्षं पाण्यात होती. "तुझ्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास आला तर तंगडी तोडीन," असं दरडावून आईने तिला समुद्रापलीकडे शिकायला धाडलं, आणि परतताना मिरान तिकडची बोली घेऊन आली. दवाखान्यात ती बोली तिने इस्त्रीच्या कपड्यासारखी जपली होती. 'मी पण पाणबुडीचीच पोर' एवढं ती म्हणाली असती, तर सुनदॉकने हौसेने पाण्याच्या गोष्टी काढल्या असत्या, श्वासाच्याही काढल्या असत्या, आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण ती म्हणाली, शहरातली. मग सुनदॉक कशाला बोलते?

डॉक्टर प्यो भला माणूस होता, पण बाहेर तीस माणसं बसली होती. त्याने पहिल्या ओळीतला आकडा पाहिला आणि चष्मा काढला. "हा नुसता दमा नाही, आजी. फुप्फुसाचा पडदा गेलाय. वर्षानुवर्षं शेकोटीचा धूर खाल्लाय तुम्ही बायांनी. आता पाण्यात जायचं नाही." त्याने छातीच्या मोठ्या फोटोसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. सुनदॉक त्या तारखेला आलीच नाही. निकाल लागल्यावर फोटो कशाला काढायचा?

जाताना तिने मिरानकडून तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

"अठ्ठावन्न म्हणजे शंभरातले ना?" चुनोकने विचारलं. "शाळेत असती तर पास झाली असती." मग तिचं हसू ओसरलं. "आणि आता माझ्या गोळ्यावर नजर कोण ठेवणार?"

"काठावर बसून शिव्या देईन," सुनदॉक म्हणाली. "ऐकू येतील तुला."

दोघी जिना उतरून गेल्या. मिरानने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

यंदाच्या एप्रिलपर्यंत तिला सुनदॉकची आठवणही झाली नाही.

यंदा हिवाळाभर मिरानची आई खोकत होती. पाण्यात जाणं तिने चार वर्षांपूर्वी सोडलेलं, पण दवाखान्याचं नाव काढलं की तिला कोबीला पाणी घालायचं आठवायचं. शेवटी एका मंगळवारी मिरानने तिला जवळजवळ उचलूनच आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

"हे नाकाला काय लावतेस? मी काय बैल आहे?"

"आई, गप्प बस आणि सांगते तसं कर. सगळी हवा सोड. सगळी. आता ओढ! ओढ, ओढ, अजून ओढ!"

आईने ओढली आणि एका जागी थांबली. हात वर केला.

"अगं थांबलीस काय? ओढ की!" मिरान ओरडली, पण वेळ गेली होती. आई दहा सेकंद दगडासारखी बसली आणि ओठांच्या चंबूतून शिट्टी घालत मोकळी झाली.

मिरानने मशीन थांबवलं. "आई, तुझ्या छातीत अजून जागा होती. मला दिसत होतं."

"होतीच की."

"मग भरली का नाहीस?"

"ती भरायची नसते." आईने नाकावरचा चिमटा काढून हातात घेतला. "मूठभर जागा सोडायची असते. गच्च भरून बघ, भोपळ्यासारखी वर तरंगत राहशील, तळ दिसायचा नाही. मापात घ्यायचं, गळ्याला गाठ मारायची, छाती आवळून धरायची नि खाली जायचं. तुझ्या आजीने मला थोबाडीत मारून शिकवलंय. आता जन्मभर तेच केलेली छाती तुझ्या ओरडण्याने बदलते होय?"

मिरान स्टुलावर बसली.

लहानपणी हे वाक्य तिने हजार वेळा ऐकलं होतं. मूठभर जागा सोड. न्हाणीघरात टबात बुडी मारतानासुद्धा आई हेच बजावायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अकरा वर्षं जगाच्या छात्या मोजल्या, आणि आपल्या घरातली छाती कशी भरते, याचा एकदाही विचार केला नाही.

कमी हवा घेतली की आकडा पडतो, हे तिला पाठ होतं. छाती आवळून धरली की तिथलं रक्त मागे रेटलं जातं आणि आकडा आणखी पडतो, हेही पाठ होतं.

आई बाहेर बसून संत्रं सोलत असताना तिने जुनी कागदपत्रं काढली. ज्वा सुनदॉक, मार्च. पहिल्या ओळीत अठ्ठावन्न. खालून तिसऱ्या ओळीत, बारीक टायपात, छातीतल्या दर लिटर हवेमागचा आकडा होता: एकशे सहा. म्हणजे जेवढी हवा आत गेली होती, तेवढीतून वायू अगदी झोकात रक्तात शिरत होता. पडदा धडधाकट होता. म्हातारीला दमाच होता, आणि तो वीस वर्षं जसा होता तसाच होता. हा कागद मिरानने स्वतः छापून, स्वतः टाचणी मारून डॉक्टरांकडे दिला होता.

तिने आईच्या चाचण्या पुन्हा घेतल्या. यावेळी गळ्याची गाठ सोडवून, मांडीवर थोपटत, लहान मुलाला भरवावं तसं तिने आईला शेवटच्या घोटापर्यंत ओढायला लावलं. आधी चौसष्ट आला होता, तो सत्त्याण्णव झाला.

डॉक्टर प्योने दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "सही माझी आहे," तो म्हणाला. "तिसरी ओळ मीही वाचायला हवी होती. बोलावून घ्या त्यांना. पुन्हा मोजू, नवी चिठ्ठी देऊ."

बसमध्ये मिरानने आईला सगळं सांगितलं. आई संत्र्याची साल हातात चुरत ऐकत होती.

"कॉमुलची सुनदॉक? म्हणजे चुनोकची जोडीण?"

"तू ओळखतेस?"

"चुनोक गेली की. त्याच वर्षी, नोव्हेंबरात. जोडीण नाही म्हणून तिला दुसऱ्या जोडीत तिसरी घातली. तिसरी बाई कुणाचीच नसते गं. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चुनोकची शिंपले उकरायची लोखंडी आकडी खाली खडकात अडकली, तिची दोरी मनगटाला बांधलेली होती. गोळा हलत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं तोवर..." आईने साल खिडकीबाहेर टाकली.

मिरानला मार्चमधला तो दाराच्या काचेतला अर्धा चेहरा आठवला.

"मी सुनदॉक सामचुनना जाऊन सांगते," ती म्हणाली. "निदान त्यांना तरी पुन्हा पाण्यात जाता येईल."

"बैल गेला नि झोपा केला," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कुणासाठी सांगायचंय? तिच्यासाठी की तुझ्यासाठी?"

"तिच्यासाठीच. तिचा हक्क आहे तो."

आई पुढे काही बोलली नाही. आपली आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मुलींना वाटतं. मिरानलाही तसंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सुट्टी होती. मिरान दुपारच्या बसने कॉमुलला उतरली. सुनदॉकचं घर समुद्राकडे तोंड करून, काळ्या दगडांच्या गडग्याआड. अंगणात गोणपाटावर भाजीसाठी उकडलेली नेच्याची देठं वाळत घातली होती आणि सुनदॉक उकिडवी बसून ती उलटत होती. तीन वर्षांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. पाणी सुटल्यापासून पुतण्याच्या संत्र्यांच्या बागेत जात होती, आणि तिथल्या पानांवरच्या बारीक किड्यांनी दमा दुप्पट केला होता. बोलताना दर वाक्याला छातीतून बासरी वाजत होती.

"अगं बाई, रेडिओवाली पोर!" तिने लगेच ओळखलं. "इथे कुठे वाट चुकलीस? बस, बस." तिने सातूचा चहा ओतला.

"सामचुन, मी नोआलची. ह्यॉन घराण्यातली," मिरान म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून आईची बोली निघाली. "माझी आईपण पाण्यातली."

सुनदॉकने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"चल, आज तरी गेली ना," सुनदॉक म्हणाली, आणि उकडलेली रताळीही घेऊन आली. मिरानने रताळं तसंच बाजूला ठेवलं. तिने सगळं सांगून टाकलं. मूठभर जागा, गळ्याची गाठ, जुळणारे आकडे, तिसरी ओळ. काही लपवलं नाही, डॉक्टरांवर ढकललं नाही. "चूक माझी होती. तुमच्या छातीला तेव्हा दम्याशिवाय काही नव्हतं. आत्ताही नसेल. पुन्हा चाचणी करू. डॉक्टर चिठ्ठी देतील. मंडळाशी मी स्वतः बोलेन." एवढं बोलून तिने गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. खरं सांगायचं, तर तिला हलकं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

वर पाहिलं तेव्हा सुनदॉक नेच्याची एक काडी हातात धरून तशीच बसली होती.

"म्हणजे मी जाऊ शकत होते," ती म्हणाली.

"हो."

"त्या नोव्हेंबरातसुद्धा."

मिरानला आईचं बसमधलं गप्प बसणं आत्ता कळलं.

सुनदॉक उठली, आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद घेऊन आली. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता. मिरानच्याच हातचा, मोठ्या अक्षरांतला आकडा: अठ्ठावन्न.

"चुनोकला बाहेर काढलं तेव्हा तिची पोर माझ्या अंगावर धावून आली होती," ती म्हणाली. "सगळ्या गावासमोर. 'एक्केचाळीस वर्षं आई तुमच्या जिवावर खाली जायची, आणि तुम्ही घरात झोपलात!' म्हणाली. मी हा कागद पुढे केला. म्हटलं, बघ बाई, माझी छातीच गेली, मी कशी येणार? तिने वाचला आणि माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून चुनोकच्या श्राद्धाला ती मला सगळ्यांच्या आधी पान वाढते." सुनदॉकने कागद गुडघ्यावर सारखा केला. "रोज सकाळी समुद्र दिसला की हा काढून बघते मी. म्हणते, अठ्ठावन्न. आपल्या हातात नव्हतं."

"सामचुन, मला माहीत नव्हतं," मिरान म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"तुला बरं वाटलं ना?"

यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि म्हणूनच मिरानला मान वर करवेना. आपण हिच्या बाबतीत एकदा नाही, दोनदा चूक केली, हे तिला स्वच्छ दिसलं. पहिली नकळत झाली होती. दुसरी करायला ती सुट्टीच्या दिवशी, बसचं तिकीट काढून, नटूनथटून आली होती.

"मी चुनोक सामचुनच्या मुलीला काही बोलणार नाही," ती पुटपुटली. "डॉक्टरांनाही सांगते, राहू द्या म्हणून."

"तू नको बोलूस. ते मी बोलेन. खोट्या कागदावर किती दिवस पहिलं पान वाढून घेऊ?" सुनदॉकला खोकल्याची उबळ आली. तिने फवारा मारला, थोडा वेळ गडग्याला टेकून थांबली. खाली समुद्र निवांत होता. दूरवर चार-पाच नारिंगी गोळे हलत होते आणि मधूनच एखादी शिट्टी वर येत होती.

"ते कसं भरायचं म्हणालीस?" तिने विचारलं.

"काय?"

"छाती. त्या मूठभर जागेसकट. कसं भरायचं ते दाखव."

"सामचुन, आत्ता नको. दवाखान्यात करू, तिथे औषध आहे, मशीन आहे..."

"मला मशीन नको. तू मोज."

तिच्या बोलण्यात असं काही होतं की मिरान उठून तिच्यासमोर उभी राहिली. तिने म्हातारीच्या खांद्यांवर हात ठेवले, गळ्याचे स्नायू सैल करायला सांगितले. आणि मग अकरा वर्षांच्या सवयीने तिचा आवाज आपोआप चढला. "सोडा. सगळी सोडा. आता ओढा. ओढा, ओढा... थांबू नका. अजून आहे जागा. अजून. तीसुद्धा भरा. तीसुद्धा."

सुनदॉकची छाती नेहमीच्या खुणेपाशी अडली, थरथरली, आणि मग हळूहळू त्या खुणेच्या वर गेली. डोळे विस्फारले. चौदाव्या वर्षापासून कधी न भरलेल्या जागेत हवा जात होती.

"धरा," मिरान म्हणाली. "एक. दोन. तीन."

दहाला ती म्हणाली, "सोडा."

सुनदॉकने सोडलं नाही. तिची नजर दूरवरच्या गोळ्यांवर होती. मिरान मोजत राहिली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. वीस झाले. पंचवीस. कुठल्याशा गोळ्याशेजारी एक डोकं वर आलं आणि दुसरं खाली गेलं. "सोडा, सामचुन," ती म्हणाली. तीस झाले. म्हातारीचे ओठ निळसर व्हायला लागले. "सामचुन, पाया पडते, सोडा!"

सेहेचाळीसला तिने सोडलं. शिट्टी वाजली नाही. नुसता मोठा, उघडा उसासा बाहेर पडला, आणि मागोमाग ती गडग्याला धरून खाली बसली. मिरानने धावत जाऊन पिशवीतली डबी आणली, दोनदा फवारा मारला, पाठ चोळली. छातीतली बासरी हळूहळू उतरली.

"किती झाले?" सुनदॉकने विचारलं.

"सेहेचाळीस."

सुनदॉकने मान हलवली. तो मऊ कागद वाऱ्याने नेच्याच्या देठांत जाऊन पडला होता, तिकडे तिने पाहिलंही नाही.

"पन्नास हात तर अंतर असायचं आमच्यात," ती म्हणाली. "एवढ्या वेळात मी तिच्यापर्यंत पोहोचले असते गं."